चाळीस सेकंदांची वाट

“आणि चाळीस सेकंदांनंतर?”

“चाळीस सेकंदांनंतर तो मेला असं धरतात,” मुलाणी सर म्हणाले.

“कोण धरतं?”

“शेजारी.”

मी खुर्ची मागं ढकलून उठलो. सरांनी माझ्याकडं पाहिलं नाही. ते शर्टाच्या टोकानं चष्मा पुसत होते.

“चाळीस सेकंदांत काय होतंय सर? माणूस लघवीला गेला तरी जास्त वेळ लागतो.”

“राउटर जात नाही,” सर म्हणाले. “बस.”

शेजारच्या कॉम्प्युटरवर बारंगुळे ताई बसल्या होत्या. त्यांच्या बोटांचा आवाज थांबला, मग परत सुरू झाला.

मी बसलो. पाय मात्र टेबलाखाली हलतच होता.

ही बार्शीतली गोष्ट. मार्केट यार्डामागच्या कॉम्प्लेक्समध्ये पहिल्या मजल्यावर शौकत मुलाणी सरांचा गाळा आहे. सर आधी टेलिफोन खात्यात होते, आता नेटवर्किंग शिकवतात. सहा कॉम्प्युटर, एक पंखा. खरा राउटर तिथं एकही नाही. पडद्यावर राउटरची चित्रं असतात, ती वायरीनं जोडायची आणि त्यांच्या आत जाऊन हुकूम लिहायचे. पण ते चित्र खऱ्यासारखंच वागतं. चुकलं की खऱ्यासारखंच अडून बसतं.

राउटर म्हणजे काय ते मला दादानं सांगितलं होतं. फाट्यावर उभा असलेला माणूस. निरोप आला की कुठल्या रस्त्यानं पुढं धाडायचा ते तो ठरवतो. शेजारच्या फाट्यावरच्या माणसाशी त्याची दर दहा सेकंदांनी हाकाहाक चालते. मी आहे. मी आहे. चार हाका चुकल्या की शेजारी समजतो, हा गेला, आणि दुसरा रस्ता शोधतो.

दादानं हे मला चरात उभं राहून सांगितलं होतं. आम्ही दोघं केबलसाठी चर खणायचो. दुपारी दोनला तो हातपाय धुऊन या गाळ्यात यायचा. मी चरातच राहायचो. सात महिने असं चाललं होतं.

दादाचं नाव मच्छिंद्र. एकोणीस दिवसांपूर्वी तो उसाच्या ट्रॉलीला मागून धडकला. ट्रॉली रस्त्यात उभी होती. मागं लाल फडकंसुद्धा बांधलेलं नव्हतं.

दहाव्याला कावळा शिवेना. पिंड ठेवून पाऊण तास झाला. कावळे बाभळीवर होते, खाली उतरत नव्हते. भटजी म्हणाले, त्याचं काही राहिलं असेल तर घरच्यांनी बोला. आबा, आमचे वडील, माझ्याकडं बघत होते. मी ओढ्याकडं बघत होतो. शेवटी मामा पुढं झाले, हात जोडले आणि म्हणाले, “मच्छ्या, तुझं शिकायचं राहिलंय ते गहिनी पुरं करंल.”

लगेच कावळा उतरला.

गहिनी म्हणजे मी. गहिनीनाथ घोडके, नववी नापास.

म्हणून मी त्या दिवशी सकाळी दहा वाजता सरांच्या गाळ्यात होतो. आणि मला ते सगळं त्याच दिवशी संपवायचं होतं.

“दादाचं काम दाखवा,” मी म्हणालो.

“कुठलं?”

“त्यानं केलेलं. जिथं राहिलंय तिथनं पुढं मी करतो.”

“नाही.”

“दाखवत नाही?”

“नाहीच आहे.”

मला वाटलं, सर मला टाळतायत. बारंगुळे ताई मधे बोलल्या. त्या चाळिशीच्या, एका शाळेत क्लार्क होत्या, सुट्टीच्या दिवशी दिवसभर यायच्या.

“इथं कुणाचंच नसतं रे. सर सेव्ह करू देत नाहीत. जाताना पुसायचं. दुसऱ्या दिवशी कोऱ्यापासनं.”

“सात महिने?”

“मी अकरा महिने पुसतीय. आमचे हे विचारतात, क्लासला जातीस का फरशी पुसायला.”

“दादा कुठल्या कॉम्प्युटरवर बसायचा?”

“ज्याचा माऊस चालंल त्याच्यावर,” त्या म्हणाल्या.

मी उठलो. सहाच्या सहा कॉम्प्युटर बघितले. मला सगळं येत नव्हतं, पण फाइल उघडता येत होती. एकेक उघडत गेलो. कुणाचे तरी लग्नाचे फोटो निघाले, एक बायोडाटा निघाला, कीर्तनाची जाहिरात निघाली. दादाचं काही निघालं नाही. सात महिने तो इथं बसला आणि एक ओळ नाही.

सरांनी मला अडवलं नाही. ते कागदावर काहीतरी काढत बसले होते.

“झालं?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही चुकीचं केलं,” मी म्हणालो. “माणसाचं काहीतरी ठेवावं लागतं.”

“हं...”

“मी बोललो त्याचा राग आला तर आला.”

“नाही आला. बस.”

मी बसलो नाही. सरांनी कागद माझ्याकडं सरकवला. कागदावर तीन गोल होते. एक वर, दोन खाली. वरच्या गोलापासून खालच्या दोघांना एकेक रेघ. आणि खालच्या दोघांमध्ये एक सरळ रेघ.

“त्याचा हा धडा राहिला होता,” सर म्हणाले.

“त्याला जमंना?”

“जमायचं. सगळ्यात आधी व्हायचं त्याचं. शेवटचं एक पाऊल ठेवायचा.”

“कुठलं?”

“वरचा राउटर बंद करायचा आणि काय होतं ते बघायचं.”

“मग केलं का नाही?”

“म्हणायचा, उद्या करतो.”

“रोज?”

“सोळा दिवस.”

मला हे नवीन होतं. दादा काम अर्धं ठेवणाऱ्यातला नव्हता. चराची खोली वीतभर कमी भरली तर अंधार पडेपर्यंत खणायचा.

“मी करतो,” मी म्हणालो. “दहा मिनिटांत करतो.”

सर दाराकडं बघत होते.

“जिन्यात एक माणूस बसलाय. सकाळपासनं.”

“बसू द्या.”

“तुझ्यासोबत आलाय?”

“माझ्या मागनं आलाय.”

“फरक काय?”



ते आबा होते. गवंडीकाम करतात. दादा गेल्यापासून मी मोटारसायकलला किक मारली की आबा सायकल काढतात. मी फाट्यावर जातो, ते मागनं येतात. मी हॉटेलात बसतो, ते समोरच्या कठड्यावर बसतात. सायकल कितीही दामटली तरी मोटारसायकलला कशी गाठणार? पण दहा-पंधरा मिनिटांत ते येतातच, घाम पुसत. मी निघालो की परत मागनं. बोलत काही नाहीत.

बोलत तर आम्ही तीन वर्षं नाही.

मला नववीची परीक्षा दुसऱ्यांदा द्यायची होती. पेपरच्या दिवशी मी परांड्याला कुस्त्या बघायला गेलो. घरी आल्यावर आबा म्हणाले, “आजपासनं माझ्याशी बोलू नको.” मी बोललो नाही. दोन दिवसांत मिटलं असतं. मी मिटू दिलं नाही, आणि तेही माझ्यासारखेच.

मग सगळं दादाकडनं चालायचं. “मच्छ्या, त्याला सांग, पाणी आलंय, भरून ठेव म्हणावं.” “दादा, त्यांना सांग, भरलंय.” तिघं एकाच खोलीत. दादा इकडचं तिकडं सांगायचा. जसंच्या तसं नाही, जरा गोड करून. मी काही वेडंवाकडं बोललो तर तो आबांना म्हणायचा, “बरं म्हणतोय.”

आई मी दोन वर्षांचा असताना गेली. घरात चौथं कुणी नाही.

एकोणीस दिवस आमच्या घरात कुणी काही बोललेलं नाही. आबा भाकरी करतात, माझं ताट वाढतात आणि पळी परातीवर वाजवतात. मग मी जेवायला जातो.

हे मी सरांना सांगितलं नाही. सरांनीही विचारलं नाही.

मी पडद्यावर तीन राउटर ठेवले. वायरी जोडल्या. वरच्या राउटरच्या दोन्ही वायरींमध्ये सरांनी मला एकेक स्विच बसवायला लावला. स्विच म्हणजे नुसता जोडायचा डबा.

“हा कशाला मधे?”

“पलीकडचा बंद पडला तरी डब्यामुळं तुझ्याकडची वायर जिवंत दिसते,” सर म्हणाले. “मग तो गेला हे वायरीवरनं कळत नाही.”

“मग कशावरनं कळतं?”

“हाक आली नाही की.”

ताईंनी मला हुकूम लिहायला मदत केली. मी एका बोटानं टाइप करत होतो आणि प्रत्येक चुकीला टेबलावर हात आपटत होतो. ताई म्हणाल्या, “टेबल आपटून राउटर घाबरत नाही. मी करून बघितलंय.”

“याला नावं द्यायची,” सर म्हणाले. “प्रत्येकाला एक.”

“काय द्यायची?”

“माझी बघ,” ताईंनी त्यांचा पडदा दाखवला. “सासू, नणंद आणि मी. मी बंद पडले की दोघींचं एकमेकींशी चालूच राहतं. उलट जोरात.”

मी वरच्याला मच्छिंद्र नाव दिलं. इंग्रजी अक्षरांत, दोनदा चुकून. खालच्या डावीकडच्याला गहिनी. उजवीकडच्याला काही दिलं नाही. कॉम्प्युटरनं त्याला आपोआप दिलं होतं तेच, नुसतं राउटर, राहू दिलं.

सर वाकून बघत होते.

“याला नाव?”

“नको.”

“हं...”

पुढं आकडे टाकायचे होते. प्रत्येक वाटेला एक आकडा. वाट जितकी अवघड, आकडा तितका मोठा. राउटर सगळ्या वाटांची बेरीज करतो आणि जी लहान भरेल तिनं निरोप पाठवतो.

“अवघड किती ते कोण ठरवतं?” मी विचारलं.

“लिहिणारा.”

मी दादाच्या दोन्ही वाटांना दहा-दहा टाकले. खालच्या सरळ वाटेला साठ हजार.

सरांनी चष्मा वर केला. “साठ हजार.”

“जास्त झालं?”

“चालतं. पासष्ट हजारांच्या पुढं घेत नाही.”

मग निरोप पाठवून बघितला. गहिनीकडनं त्या बिननावाच्याकडं. निरोप जाऊन परत आला तर पडद्यावर उद्गारचिन्ह उमटतं. नाही आला तर टिंब. एका वेळी पाच निरोप जातात. पाचही उद्गारचिन्हं आली. सगळे दादाकडनं गेले होते, ती वाटही पडद्यावर दिसत होती. सरळ वायर तशीच पडून होती.

मला बरं वाटलं. किती दिवसांनी काहीतरी नीट झालं होतं.

“आता मधला बंद कर,” सर म्हणाले. ते वरच्या राउटरला मधला म्हणत होते, कारण सगळं त्याच्यातनं जात होतं.

माऊस माझ्या हातात होता. राउटरच्या चित्रावर एक छोटं बटण असतं, ते दाबायचं.

“नाही,” मी म्हणालो.

“संपवायला आलास ना?”

“संपवतो. आधी ती वेळ वाढवतो.”

“कुठली?”

“चाळीस सेकंदांची. मला चाळीस सेकंद मान्य नाहीत.”

मी ताईंना विचारलं, ती ओळ कुठाय. त्यांनी सरांकडं बघितलं. सरांनी मान हलवली, हो का नाही ते कळलं नाही. ताईंनी ओळ दाखवली. वेळ प्रत्येक वायरीची वेगळी असते, मी मच्छिंद्रकडच्या वायरीची उघडली.

“जास्तीत जास्त किती?”

“पासष्ट हजार पाचशे पस्तीस सेकंद.”

“म्हणजे?”

ताईंनी मोबाइलवर भागाकार केला. “अठरा तासांच्या वर.”

मी पासष्ट हजार पाचशे पस्तीस टाकलं आणि एंटर दाबलं. आता हाक नाही आली तरी गहिनी अठरा तास थांबणार होता. मी हात डोक्यामागं घेतले.

एक मिनिटही झालं नसेल. पडद्यावर ओळ आली.

ताईंनी ती मोठ्यानं वाचली आणि मधेच थांबल्या. गहिनी सांगत होता, मच्छिंद्र गेला.

मी मच्छिंद्रला हातसुद्धा लावला नव्हता. तो चालू होता. त्याच्यावरचा दिवा हिरवा होता.

“हे खोटं आहे,” मी म्हणालो. “सर, हे चित्रातलं आहे म्हणून असं होतंय. हे खरं नाही.”

“खऱ्यातही असंच होतं.”

“तो जिवंत आहे.”

“काय केलंस तू?”

“थांबायची वेळ वाढवली.”

“कुणाची?”

“माझी. गहिनीची.”

“आणि त्याची?”

“त्याची कशाला? थांबायचं मला आहे.”

सरांनी कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर दोन गोल काढले. त्यांच्यामध्ये काहीच काढलं नाही.

“हाकेत वेळ पण सांगावी लागते,” ते म्हणाले. “मी एवढा थांबतो, तू किती थांबतोस. दोघांची वेळ सारखी नसेल तर हाक ऐकू येऊनही धरत नाहीत. शेजारीच होत नाहीत ते.”

“मी जास्त थांबायला तयार असलो तरी?”

“तरी.”

“आणि मी कमी थांबलो तर?”

“तरी.”

मी उठलो, दारापर्यंत गेलो. जिन्याच्या चौथ्या पायरीवर आबांची पाठ दिसत होती. मानेवर सिमेंटचा पांढरा पट्टा. दादा गेला त्याच्या पाचव्या दिवशी ते कामावर गेले होते. मला त्याचा राग होता. मी घरात पालथा पडून होतो, आणि ते थापी घेऊन निघाले. मला वाटलं होतं, ह्यांचं संपलं एवढ्यात.

मी परत आलो.

“सगळ्यांची वाढवतो,” मी म्हणालो. “तिघांची.”

“वाढव.”

मी तिघांच्या आत जाऊन मच्छिंद्रच्या दोन्ही वायरींवरची वेळ बदलली. प्रत्येक ठिकाणी पासष्ट हजार पाचशे पस्तीस. थोड्या वेळानं मच्छिंद्र परत शेजारी झाला. परत पाच उद्गारचिन्हं.

“बघा,” मी म्हणालो.

सर पुढं वाकले. माझ्या हाताखालनं त्यांनी माऊस काढून घेतला आणि मच्छिंद्रचं बटण दाबलं.

मी त्यांचं मनगट धरलं. फार जोरात धरलं. ताई खुर्चीतनं अर्ध्या उठल्या.

सरांनी हात सोडवून घेतला नाही. तसाच राहू दिला.

“निरोप पाठव,” ते म्हणाले.

मी मनगट सोडलं. त्यांच्या कातडीवर माझी बोटं उठली होती. मी निरोप पाठवला.

टिंब.

टिंब.

टिंब.

टिंब.

टिंब.

मी परत पाठवला. परत पाच टिंबं. वायरींवरचे दिवे हिरवे होते. गहिनीच्या यादीत मच्छिंद्र अजून होता. शेजारी म्हणून, चालू म्हणून. म्हणून तो सगळं त्याच्याकडंच धाडत होता, आणि तिकडं गेलेलं परत येत नव्हतं.

मी पाठवत राहिलो. टिंबांची रांग पडद्याच्या तळापर्यंत गेली आणि वरची रांग दिसेनाशी झाली.

“किती वेळ पाठवणार?” ताईंनी हळू विचारलं.

“अठरा तास,” सर म्हणाले.

दारात कुणीतरी खाकरलं. आबा होते. चपला त्यांनी बाहेर काढल्या होत्या. हातात फडक्यात बांधलेला डबा होता.

“या घोडके,” सर म्हणाले. “बसा.”

आबा दाराजवळच्या स्टुलावर टेकले. डबा मांडीवर ठेवला. माझ्याकडं बघितलं नाही.

“सर, ह्याला सांगा, दोन वाजून गेले. भाकरी खाऊन घे म्हणावं.”

सर माझ्याकडं वळले. “भाकरी खाऊन घे.”

“त्यांना सांगा, भूक नाही.”

“भूक नाही म्हणतो,” सर आबांना म्हणाले.

“सकाळी चहा पण घेतला नाही म्हणावं.”

“सकाळी चहा...”

सर मधेच थांबले.

त्यांनी चष्मा काढला, घडी घातली आणि टेबलावर ठेवला. मग खुर्चीला मान टेकून डोळे मिटले.

आबा वाट बघत होते. मीही. पंखा एका बाजूला खरवडत फिरत होता.

“सर?” आबा म्हणाले.

...

“सर, बरं आहे ना?” मी विचारलं.

...

सरांची छाती वरखाली होत होती. त्यांना काही झालं नव्हतं. ते फक्त नव्हते.

ताईंनी आमच्या तिघांकडं एकेकदा बघितलं. पर्स उचलली. “मी झेरॉक्स काढून येते,” त्या म्हणाल्या. त्यांच्या हातात झेरॉक्स काढण्यासारखं काहीच नव्हतं.

गाळ्यात आम्ही दोघं राहिलो, आणि मिटल्या डोळ्यांचे सर.

आबा डब्याची गाठ सोडत होते आणि परत बांधत होते. मी पडद्याकडं तोंड केलं. काहीतरी करायचं म्हणून परत निरोप पाठवला. पाच टिंबं.

मग मी गहिनीच्या आत गेलो. मच्छिंद्रकडच्या वायरीच्या वेळेची ओळ शोधली. बोट चारच्या आकड्यावर ठेवलं आणि काढलं. परत ठेवलं.

“दुसऱ्याचीही बदलायची?” मी सरांना विचारलं.

सरांनी डोळे उघडले नाहीत. पण बोलले. “गेला हे एकानं मान्य केलं तरी पुरतं. तो दुसऱ्याला कळवतो.”

“कुठल्या वाटेनं कळवतो?”



मी चाळीस लिहिलं. एंटर दाबलं.

भिंतीवर घड्याळ होतं. मी सेकंदाच्या काट्याकडं बघत राहिलो. दहा. मामांचं बोलणं आठवलं. वीस. दादानं सोळा दिवस हेच बटण दाबलं नव्हतं. तीस. मागं स्टूल सरकल्याचा आवाज आला.

ओळ आली. मच्छिंद्र गेला.

या वेळी ती खरी होती. मी ती तीनदा वाचली. नाकात काहीतरी चढलं आणि मला पडदा नीट दिसेना. तरी मी निरोप पाठवला. बोट आपोआप गेलं.

टिंब.

मग उद्गारचिन्ह.

उद्गारचिन्ह. उद्गारचिन्ह. उद्गारचिन्ह.

खालच्या सरळ वायरीनं गेला होता. साठ हजारवालीनं. तिकडनं परत यायला किती वेळ लागला तेही तिथं लिहिलं होतं. दादाकडनं यायला लागायचा तेवढाच, उलट थोडा कमी.

सिमेंटचा वास आला. आबा माझ्या खुर्चीमागं उभे होते. ते शाळेत गेले नाहीत, पण इंग्रजी अक्षरं त्यांना लागतात. पोत्यांवरची वाचून वाचून शिकले. ते पडद्यावरची नावं एकेक अक्षर जुळवत होते. ओठ हलत होते.

वरच्यावर त्यांचं बोट थांबलं. ते नाव त्यांनी मोठ्यानं वाचलं नाही. बोट पडद्याला लागू न देता तसंच धरून उभे राहिले. मग डावीकडं आले.

“गहिनी,” त्यांनी वाचलं.

तीन वर्षांत त्यांच्या तोंडून मी माझं नाव ऐकलं नव्हतं. माझ्याविषयी बोलताना ते “त्याला” किंवा “ह्याला” म्हणायचे.

बोट उजवीकडं गेलं.

“आणि हा कोण?”

सरांना विचारलं का मला, ते कळलं नाही. त्यांची नजर पडद्यावरच होती. माझी बोटं कीबोर्डवर होती.

“याला नाव नाही,” आबा म्हणाले.

सरांनी डोळे उघडले. चष्मा घातला. मनगटावरचे माझ्या बोटांचे वळ बघितले आणि त्यावर बाही ओढली. खिळ्यावरचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि टेबलावर ठेवला, आबांच्या हाताजवळही नाही आणि माझ्याही नाही.

“सर, मी...” मी म्हणालो.

“माझी नमाजाची वेळ झाली,” ते म्हणाले. दारापाशी जाऊन त्यांनी चपला घातल्या आणि पाठमोरेच बोलले.

“तुमचं झालं की बंद करून जा. शटर वाकलंय, एकट्याला लागत नाही. एकानं पाय देऊन दाबून धरायचं, दुसऱ्यानं किल्ली फिरवायची. कधी फिरवायची ते दाबणाऱ्यानं सांगायचं.”